चौऱ्याण्णव ते शंभर

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. रोह्याला माझे वडील केमिकल कंपनीत होते. त्यांना मॅचच्या दिवशी हमखास दुपारची शिफ्ट यायची, म्हणून रेडिओपुढं बसून वहीत एकेक बॉल लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. रात्री आल्यावर ते जेवता जेवता ती वही वाचायचे. त्यामुळे मला पोळ्या नंतर आल्या, स्कोअर लिहिणं आधी आलं. बघायला आलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "काय काय येतं पोरीला?" तर आईनं शिवणकामापासून सुरुवात केली आणि मी मध्येच म्हणाले, "स्कोअर लिहिता येतो." आई खाऊ का गिळू अशी माझ्याकडे बघायला लागली. सासरे मात्र गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "मंग झालं की. बाकीचं आमी शिकवू."

पेणला घरामागंच गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, तीन बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर देव. साच्यातून काढणं, घासणं, रंगवणं यातलं सगळं घरातल्या सगळ्यांना यायचं. डोळे मात्र फक्त सासरे काढायचे. त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. बारीक ब्रशनं एका श्वासात भुवई, पापणी, बुबुळ. डोळे आखले की देव, तोवर माल, असं माझा नवरा म्हणायचा. मी सासऱ्यांना मामा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात मी एकटीच बाई. मामा मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. नुसतं "गो" म्हणायचे. "गो, चाय टाक", "गो, किती झाल्या?" एवढ्यावर आमचं छान चाललं होतं.

मामांना क्रिकेटमध्ये एकाच गोष्टीत रस होता, शतक. मॅच कोण जिंकलं याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसायचं. मोठी स्पर्धा लागली की ते एक जुनी फळी पांढऱ्या रंगानं रंगवून कारखान्यातल्या टीव्हीशेजारी टांगायचे आणि ज्याचं शतक होईल त्याचं नाव, देश आणि धावा आखणीच्याच ब्रशनं तिच्यावर लिहायचे. अक्षर असं की सोसायटीच्या सेक्रेटरीनं लाजावं. आपल्याविरुद्ध ज्यानं शंभर मारले त्याचंही नाव त्याच काळ्या रंगात, त्याच मापाचं. कारागीर कुरकुरायचे. मामा म्हणायचे, "शंभर त्यानं घाम गालून केलं. तुजा काय गेला त्यात?"

आणि या शतकापायी त्यांनी एक नियम करून ठेवला होता. कुणी नव्वद ओलांडले की मामा मोठ्यानं ओरडायचे, "मूर्ती!" की जो जिथं जसा असेल तसा थिजायचा. ब्रश हवेत असेल तर हवेत. शंभर होईपर्यंत किंवा तो बाद होईपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. स्कोअर लिहिणारी म्हणून माझ्या उजव्या हाताला तेवढी सूट होती. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मामा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, बाकी काय?" ते म्हणाले, "व्हय ना? मंग आपण कावल्याला बसूच द्यायचा नाय."

पण गंमत कधी नियम होते आणि नियम कधी डोक्यावर बसतो ते कळत नाही. वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी शारजाला कसलीशी स्पर्धा होती. आपला एक फलंदाज सत्त्याण्णववर होता, आम्ही सगळे मूर्ती झालेलो, आणि मला घरातून दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठले. गॅस बंद करून परत येते तो कारखान्यात सुतकी शांतता. गडी बाद. एक कारागीर म्हणाला, "वयनीनं घालवला." संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर झाली. शेजारची एक बाई तर मला हसत हसत पांढऱ्या पायाची म्हणाली. ती हसत होती, मला ते लागलं. मामा दोन दिवस माझ्या हातचा चहा घेत होते, पण मान वर करत नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुजा काय दोष नाय गो. पन पुन्यांदा उठू नको." मी म्हटलं, "नाही उठणार." रागानंच म्हटलं, पण शब्द दिला.

त्यानंतरचा वर्ल्ड कप विलायतेत होता, म्हणून मॅच आपल्याकडे दुपारी सव्वातीनला सुरू व्हायची. मे महिना संपत आलेला. पत्रा इतका तापायचा की रंग ब्रशवरच वाळायचा. त्या दिवशी आपली पहिली बॅटिंग होती. मामा नेहमीच्या बुटक्या स्टुलावर, समोर आखणीला घेतलेली दीड फुटी मूर्ती, एक डोळा झालेला, एक व्हायचा. त्यांच्यासमोर चार हातांवर मी, मांडीवर वही आणि बाजूला मुकुटाच्या सोनेरी रंगाची वाटी. टीव्ही माझ्या मागे, डाव्या खांद्याच्या वर. मी कॉमेंट्री ऐकून लिहायची, मामा माझ्या डोक्यावरून बघायचे. नवरा आणि दोन कारागीर दाराकडच्या बाजूला देवांना अंगाचा रंग देत होते.

फलंदाज एक्क्याण्णववर गेला आणि मामा ओरडले, "मूर्ती!" आवाज खणखणीत होता. हे मी पुढं कितीजणांना सांगितलं असेल. आवाज अगदी खणखणीत होता.

मग तो फलंदाज अडकला. नव्वदीत सगळेच थोडे अडकतात, पण हा फारच. एक धाव घ्यायचा आणि पलीकडे जाऊन उभा राहायचा. पलीकडचा पठ्ठ्या चौके मारत सुटलेला, त्याला याची काही पडलेलीच नव्हती. एरवी आम्ही त्या चौक्यांना टाळ्या वाजवल्या असत्या. आता मनातल्या मनात शिव्या देत बसलो होतो.

चौऱ्याण्णव झाले तेव्हा मामांच्या हातातला ब्रश पडला. मी आकडा लिहीतच होते, म्हणून पक्कं सांगते, चौऱ्याण्णव. ब्रश त्यांच्या लुंगीवर पडला आणि एक काळी रेघ उमटली. ते ती रेघ बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. किंवा माझ्या मागच्या टीव्हीकडे. चार हातांवरून ते वेगळं काढता येत नाही. तोंडाचा एक कोपरा जरासा खाली ओढल्यासारखा झाला होता. मला वाटलं, हसू दाबतायत. मला वाटलं, गेल्या वर्षी मी उठले म्हणून यंदा मुद्दाम ब्रश टाकून माझी परीक्षा बघतायत. त्यांचा स्वभाव तसा होता, खोड्या काढायचा. मी मनात म्हटलं, टाका आणखी दोन ब्रश, मी काही उठत नाही.

मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. छोटासा. घसा खाकरावा तसा, किंवा "गो" म्हणावं तसा. त्याच वेळी पलीकडच्यानं चौका मारला आणि टीव्हीतला गलका त्याच्यावर पसरला. मी वहीत चार लिहिले.

शंभर झाले तेव्हा शेड दणाणली. नवऱ्यानं शिट्टी मारली, एकानं रंगाचा डबा बडवला. मीही वही टाकून उठले. मामा तसेच बसलेले. एक कारागीर ओरडला, "अवो मामा, झालं शंभर! सोडा आता!" दुसरा म्हणाला, "मामा खरीच मूर्ती झालं!" आणि आम्ही हसलो. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असेन, कारण यंदा मी उठले नव्हते. मग मामा हळूहळू उजवीकडे कलायला लागले आणि स्टुलासकट खाली आले.

मूर्ती पोचवायचा टेम्पो दारात उभा होता. त्यातल्या पेंढ्यावरच त्यांना निजवलं. पेणच्या डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि पनवेलला न्या म्हणाले. वाटेत त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, तो घट्ट पकडत होता. उजवा पेंढ्यात पडला होता, टेम्पो उसळला की उसळायचा. आखणीचा हात. मी तो उचलून त्यांच्या पोटावर ठेवायची, तो परत घसरायचा.

पनवेलला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "शेवटचे नीट कधी होते?"

नवरा म्हणाला, "एक्क्याण्णववर."

"काय?"

"म्हंजे तो एक्क्याण्णववर व्हता. तवा हे बोललं."

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बोटानं दाखवलं. त्यांना घड्याळ हवं होतं आणि आमच्यापैकी कुणीच घड्याळ बघितलं नव्हतं. मग मीच बोलले. सवयीनं बोलले, वडिलांना वही वाचून दाखवावी तशी. एक्क्याण्णव ते शंभर साडेसात ओव्हर, एका ओव्हरला चार मिनिटं, म्हणजे अर्धा तास. ब्रश पडला तेव्हा चौऱ्याण्णव, तिथून पुढं पाच ओव्हर, म्हणजे वीस मिनिटं. हिशोब बरोबर होता. तो संपल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे मान वळवली.

"तुला दिसला व्हता पडताना?"

"हो."

तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. भांडला असता तर मीही भांडले असते, नियम कुणाच्या बापानं केला होता म्हणून विचारलं असतं. त्यानं ती सोय ठेवली नाही. मी डॉक्टरांना विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेच म्हणाले. मला त्यांचा राग आला. मग त्या फलंदाजाचा आला. दोन चौके मारून मोकळा झाला असता तर त्याचं काय जाणार होतं? दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता, बॅट वर केलेला. फोटोत तो बिचारा अगदी आनंदात होता.

मामा जगले. तीन आठवड्यांनी घरी आणले तेव्हा वर्ल्ड कप आटपलेला होता. फळीवर त्या दिवसाचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. उरलेल्या मूर्तींसाठी हमरापूरहून एक आखणीवाला आणला. चांगला माणूस, हात साफ. पण गडब गावचं एक जुनं गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं आणि बराच वेळ नुसतं बघत उभं राहिलं. "यंदा देव वलख दाखवीत नाय," म्हणालं. मामा पडवीत खाटेवर होते, त्यांनी ते ऐकलं.

उजवा हात परत आला नाही. वाचा आली, पण दोनच शब्दांची, व्हय आणि नाय. आणि तेही त्यांच्या मनासारखे येत नसत. चहा हवा का विचारलं की "नाय" म्हणायचे आणि कप नेला की डोळ्यांत पाणी. मग लगेच "व्हय". मग परत "नाय". डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनात एक असतं आणि तोंडातून दुसरं निघतं, तुम्ही शब्दांवर जाऊ नका. म्हणून मी विचारणं सोडलं. कप पुढं धरायची, हवा असेल तर डावा हात यायचा. पांघरूण दाखवायची. खिडकी उघडून दाखवायची. थोड्याच दिवसांत आमचं बरं चालायला लागलं.

एक गोष्ट मात्र मला विचारायचीच होती. घरात कुणी नाही असं बघून एका दुपारी खाटेजवळ बसले आणि म्हटलं, "मामा, ब्रश पडला तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आता माझ्यामागे टीव्ही नव्हता, भिंत होती.

"व्हय," ते म्हणाले.

मग म्हणाले, "नाय."

मग पुन्हा "व्हय", आणि त्यांचं त्यांनाच ते आवरेना, तोंड वाकडं व्हायला लागलं, डावा हात खाटेच्या काठावर आपटायला लागले. मी म्हटलं, राहू दे मामा, राहू दे. त्यानंतर ते दोन वर्षं होते आणि मी आणखी तीनदा विचारलं. दर वेळी दोन्ही उत्तरं आली. चहाचं कळायला मी कप पुढं धरायची. याला पुढं धरायला माझ्याकडे काही नव्हतं.