मानेतली नळी आणि पिऊन आलेला व्याही

"काका, मेंदूला रक्त नेणारी ही डावी नळी. जवळजवळ बंद झाली आहे," नांदेडच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मानेतल्या या नळीला कॅरोटिड आर्टरी म्हणतात. "परवा तुम्हाला मांडवात झाला तो टीआयए." म्हणजे काही मिनिटांचा पक्षाघात, येतो आणि जातो.

"पुढचा जाईलच असं नाही."

परवा आखाडा बाळापूरला पुतणीचं लग्न होतं. आमच्या भावकीत माईक माझ्याच हाती, आणि पिऊन आलेल्या व्याह्याची माझी नक्कल झाल्याशिवाय मांडव उठत नाही. मी आहेराची नावं वाचत होतो. अचानक जीभ जड झाली, ओठ लोंबला, उजव्या हातातून माईक पडला.

मांडव हसून लोळला! माझा मेहुणा दत्ता "वन्स मोर!" म्हणून ओरडला. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं, आणि मी बेशरमासारखा वाकून टाळ्या घेतल्या.

एकटी बायको हसली नव्हती. "व्याही करताना तुमचा डावा हात लोंबतो. आज उजवा काहून लोंबून राहिला होता?" तिनं मला तसंच गाडीत कोंबलं.

उपाय होता स्टेंटिंग. जांघेतून तार मानेपर्यंत नेतात, फुग्यानं नळी रुंद करतात आणि तिथं बारीक जाळी बसवतात. "त्याच वेळी गुठळी सुटून मेंदूत गेली, तर बोलणं जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाले.

माझं बोलणं! त्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं मी म्हणणार होतो. बायकोकडे पाहिलं आणि गिळलं.

मला पूर्ण भूल दिली नाही. उजव्या हातात लेकरांचं वाजणारं रबरी बदक दिलं. "सांगेन तेव्हा दाबा. वाजलं की मेंदू ठीक."

मी दर वेळी वेगळ्या ठेक्यात वाजवलं. सिस्टर हसू दाबत होत्या. मग फुगा फुगवला.

"दाबा."

मी दाबलं. आवाज नाही.

"काका, दाबा!"

कोणी हसेना. बोटं माझीच, पण ऐकत नव्हती. डॉक्टरांनी फुगा उतरवला. मी मनातल्या मनात शब्द जुळवून ठेवत होतो. उद्या ते असतील की न्हाई, कोणाला ठाऊक.

बदक चिरकलं. कसंबसं, पण चिरकलं.

जाळी बसली. आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज बायको हातावर ठेवते, आणि ती गिळून मी तोंड उघडून दाखवेपर्यंत जागची हलत नाही.

गेल्या महिन्यात भावकीत बारसं होतं. "व्याही होऊ द्या!" लोक ओरडले. मी आधी बजावलं: तोंड वाकडं, जीभ जड, हात लुळा दिसला, तर टाळ्या वाजवू नका. माणूस उचला, दवाखाना गाठा. दहा मिनिटांत बरा झाला, तरीही.

मग मी तोंड वाकडं केलं.

कोणीच हसलं नाही. बाहेर दत्तानं जीप चालू केली होती.