अकरा नंबरचा विरोध

घर विकायला काढलं तेव्हा जाहिरात मीच लिहिली. प्रभात रोडच्या आतली गल्ली, सहकारी सोसायटी, एक बेडरूम-हॉल-किचन, शांतता, झाडं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको म्हणाली, शेवटचं ते भेटल्यावर सांगितलं तर चालणार नाही का? मी म्हटलं, आपण खरं बोलणारी माणसं. हे म्हणताना माझी जीभ कशी झडली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

लिफ्ट माझ्यामुळे नव्हती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

आमच्या बारा फ्लॅटच्या सोसायटीत नऊ वर्षांपूर्वी लिफ्टचा ठराव आला होता. जिन्यात जागा नसल्यामुळे ती बाहेरून, आमच्या बाजूच्या बाल्कन्यांना खेटून चढवायची होती. त्यात बाल्कनी निम्मी जाणार, म्हणून त्या बाजूच्या प्रत्येकाची लेखी संमती हवी होती. बाकी सगळ्यांनी दिली. मी दिली नाही, कारण आमच्या बाल्कनीत माझी आरामखुर्ची होती आणि निम्म्या बाल्कनीत पाय पसरता आले नसते. सभेत हे कारण कसं सांगणार? म्हणून मी उभा राहून आरोग्यावर बोललो, चांगली वीस मिनिटं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं की तळमजल्याने मोडता घातला. त्या वर्षी संक्रांतीला तळमजल्यावरच्या बाईंना तिने तिळगूळ दिला तो एकच, आणि तोही लहानातला लहान निवडून.

पुढे तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला. संध्याकाळी तिच्या मैत्रिणी खाली बाकावर जमायच्या आणि ही वरून खिडकीतून गप्पा मारायची. पण हिला ऐकू जावं म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागे, आणि ज्या गोष्टी बोलायला बायका बाकावर जमतात त्या ओरडून सांगण्यासारख्या नसतात. हळूहळू त्या खिडकीकडे बघेनाशा झाल्या. एक दिवस तिने खिडकीतली खुर्ची उचलून आत नेली.

धायरीला मुलीच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक फ्लॅट मिळत होता. तिथे दोन लिफ्ट होत्या. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. तोवर आमचं घर विकलं गेलं नाही तर बायको आहे तिथेच, तिसऱ्या मजल्यावर अडकून राहणार होती.

बघायला येणाऱ्यांना दम लागतो म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवला. हीही माझीच कल्पना. एक कुटुंब त्या खुर्चीवर आळीपाळीने बसलं, पाणी प्यायलं आणि तिथूनच परत गेलं. जाताना पाण्याबद्दल आभार मानून गेलं.

शेवटी एक प्राध्यापिका आल्या. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या. त्या तांब्याकडे न बघता वर आल्या, घर पाहिलं, नळ सोडून पाहिले, झाडं पाहिली आणि म्हणाल्या, घर आवडलं. माझे हात जोडलेच जाणार होते, तेवढ्यात त्यांनी सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त वाचायला मागितलं. म्हणाल्या, भिंती काय, रंगवता येतात. शेजारी कसे आहेत ते आधी वाचून घ्यावं.

दुसऱ्या मजल्यावरचे आमचे सेक्रेटरी एरवी एका दाखल्यासाठी आठ दिवस लावतात. त्या दिवशी पाच मिनिटांत वही घेऊन वर आले आणि न विचारता बसलेही. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेलो. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली.

बाहेर आलो तर बाई वाचत होत्या. "फ्लॅट क्रमांक अकराच्या सभासदांनी लिफ्टला लेखी विरोध नोंदवला. जिना चढल्याने गुडघे मजबूत होतात, असे त्यांनी सभेस विस्ताराने समजावले. इतर सर्व सभासद अनुकूल असूनही ठराव बारगळला." त्यांनी मान वर करून उघड्या दारावरचा आकडा बघितला.

"काका, अकरा म्हणजे हाच ना?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं उपाशी असलेल्या माणसापुढे पान वाढावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी हो म्हटलं. बेडरूमच्या दारात बायको एका हाताने चौकट धरून उभी होती, हे मला तेव्हा दिसलं.

बाईंनी वही मिटली. "मग प्रश्नच मिटला. पुढे माझी आई इथे राहायला येणार आहे, मला लिफ्ट लागणारच. विरोध करणारा फ्लॅटच विकत घेतला की विरोध करायला राहतं कोण?"

सेक्रेटरी म्हणाले, ठराव लिहून तयार आहे, फक्त तारीख घालायची आहे.

बायको हळूहळू चालत आली आणि बाईंच्या शेजारी बसली. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, "घ्या हो तुम्ही घर. जागा चांगली आहे. खोट होती ती मी बरोबर घेऊन चाललेय."

चहा सगळ्यांनी अर्धा टाकला. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने तिळाच्या वड्या केल्या, भर भाद्रपदात, आणि डबा माझ्या हातात दिला. तळमजल्यावर द्यायचा आणि का ते सांगून यायचं. मी गेलो, सांगितलं. तळमजल्यावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि आपण हे नऊ वर्षांपूर्वीच इतिवृत्तात वाचलं होतं असं म्हणून डबा घेतला.

दिवाळीच्या आत धायरीला गेलो. सामान अजून खोक्यांत होतं. संध्याकाळी मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात दार ओढून घेतल्याचा आवाज आला. चष्मा सापडला तेव्हा घरात बायको नव्हती. बाल्कनीत जाऊन खाली पाहिलं. सहा मजले खाली चार अनोळखी बायकांच्या मधोमध ती बसली होती. काहीतरी सांगत होती, आणि त्या चौघी एकदम मान वर करून माझ्या बाल्कनीकडे बघायला लागल्या.

मी आत आलो. तिला वर यायला दोन तास लागले.