विमलबाईंनी झाकलेली चाकं

खालापूर फाट्यावर, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला विमलबाई ओव्हाळ यांचं पत्र्याचं दुकान होतं. लग्नाच्या ट्रंका, भाताच्या कोठ्या, पन्हाळी, बंब, असं सगळं तिथे व्हायचं. दुकान खरं तर त्यांचे यजमान कोंडीराम यांनी काढलं होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर ओव्हाळांनी गावकीची कामं सोडली आणि कोंडीराम कल्याणला जाऊन पत्र्याचं काम शिकून आले. पुढे त्यांना रसायनीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. दुकानाला कुलूप लावायचं ठरलं, तेव्हा विमलबाई म्हणाल्या, "कुलूप कशाला? हातोडी काय तुमच्यासंगं कामावर जानार हाय?"

बाईमाणूस पत्रा ठोकणार म्हणून फाट्यावर आठवडाभर हसू पिकलं. मग त्यांनी केलेल्या एका कोठीवर दोन पोरं उड्या मारून गेली, तरी तिला पोचा पडला नाही, आणि हसणारेच गिऱ्हाईक होऊन आले. मदतीला डोंगरातल्या वाडीवरचा धाऊ होता. बोलायला कमी, घणाला पक्का.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कोंडीरामांच्या कारखान्यातले इंजिनियर सोराब तंबोली एका दुपारी टेंपो घेऊन दुकानापुढे थांबले. टेंपोत मागे ताडपत्रीखाली एक गाडी होती. ताडपत्री काढली आणि समोरच्या चहावाल्याने उकळता चहा तसाच सोडून धाव घेतली. लांब, निमुळतं अंग, जेमतेम एक माणूस आडवा होऊन बसेल एवढी जागा, इंजिन पाठीमागे, आणि चारही रुंद चाकं अंगाबाहेर उघडी पडलेली.

"ही शर्यतीची गाडी," सोराब म्हणाले. कारखान्याजवळच्या मोहोपाड्याला राहायला येऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, मराठी अगदी आपलीशी झाली होती. "परदेशी जाणाऱ्या एका मित्राकडून घेतली. फेब्रुवारीत घाटात शर्यत आहे. पण एका सीटच्या उघड्या चाकांच्या गाड्या यंदा दोनच आल्या, म्हणून शर्यत भरवणाऱ्या क्लबवाल्यांनी तो गटच रद्द केला. आता स्पोर्ट्स गाड्यांच्या गटात घालायची तर चाकं वरून झाकलेली पाहिजेत, दोन माणसांची जागा पाहिजे, दिवे पाहिजेत. मुंबईतले दोन गॅरेजवाले नाही म्हणाले. कोंडीराम म्हणाला, आमच्या घरी विचारा."

विमलबाईंनी गाडीला एक फेरी मारली. चाकावर हात ठेवून पाहिला. "चाकं झाकायची म्हंजे कोठीला झाकान करायचं तसंच की," त्या म्हणाल्या. "करू या, साहेब."

तिथेच त्या चुकल्या, आणि सोराबही.

विमलबाईंनी आपल्या नेहमीच्या लोखंडी पत्र्याची चार झाकणं केली. ओंडक्यात खळगा करून धाऊने पत्रा त्यात ठोकून गोल केला. दिसायला झकास. रविवारी कारखान्याच्या मागच्या सरळ रस्त्यावर सोराबनी गाडी काढली. पहिली फेरी हळू झाली. दुसऱ्या फेरीला वेग धरला तशी गाडी पुढून उचलल्यासारखी झाली, कडाड्कन आवाज आला, आणि डावं झाकण आभाळात गेलं. गिरक्या घेत ते एका शेतातल्या पेंढ्याच्या उडवीत जाऊन रुतलं.

गाडी थांबली. विमलबाई धावत गाडीपाशी आल्या. सोराब हेल्मेट काढून उडवीकडे बघत राहिले आणि एकदम खदखदून हसायला लागले.

"बाई, तुम्ही तर हिला पंख लावले!"

"आवं साहेब, तुमी मेला असता!"

"चूक माझी पण आहे. वजनाचा हिशेब केला, आत शिरणाऱ्या वाऱ्याचा केलाच नाही."

मग दोघांनी मिळून वाऱ्याचा नाद घेतला. सोराबनी मुंबईहून ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. विमलबाईंनी परातीएवढी छोटी झाकणं करून पाहिली, आणि ती तपासायची कशी, तर सोराब टेंपो चालवणार आणि विमलबाई खिडकीतून झाकण बाहेर धरणार. खोपोलीच्या रस्त्याला येणारे-जाणारे ट्रकवाले भोंगे वाजवायचे. बंद झाकण हातातून निसटू बघायचं. मागच्या बाजूला फटी कापल्यावर वारा त्यातून निघून जायला लागला आणि झाकण हातात मुकाट बसलं.

"घ्या! आता कसं गप झालं!" त्या ओरडल्या.

जुनी झाकणं मोडीत गेली. नवी रिव्हेटनी बसवली, फटींसकट. दुसऱ्या सीटसाठी सोराबनी कारखान्यातल्या वेल्डरकडून डाव्या अंगाला नळ्यांचा सांगाडा वाढवून घेतला आणि विमलबाईंनी त्यावर अंग चढवलं. माप घ्यायला कोंडीरामांना बसवलं तर ते कमरेशी अडकले. धाऊने आणि सोराबनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उपसून काढलं.

"जेवन कमी करा," विमलबाई म्हणाल्या, आणि स्वतः आत उतरून बसल्या. त्यांच्या मापाने सीट झाली.

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी रंगीत गाड्यांची रांग लागली होती. गाड्या एकेक करून वर जाणार, कमी वेळ लागेल तो जिंकणार. गाडी तपासणाऱ्या गृहस्थांनी चाकं पाहिली, दिवे पाहिले आणि दुसऱ्या सीटपाशी थांबले. "इथे माणूस बसतो?"

"बसतो की," विमलबाई म्हणाल्या आणि नऊवारीचा कासोटा सावरून आत बसल्या. आजूबाजूला टाळ्या पडल्या. गृहस्थ हसले. "ठीक आहे. सरावाच्या फेरीला सोबत माणूस चालतो, न्यायचा असेल तर न्या."

सोराबनी विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी कोंडीरामांकडे पाहिलं. कोंडीराम म्हणाले, "मला काय विचारतीस? मी तर त्यात मावत नाय."

अंबाड्यावर हेल्मेट बसेना. अंबाडा सोडला, वेणी घातली, पदर खोचला. गाडी सुटली तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते. पहिल्या वळणाला त्यांनी सीटची कड दोन्ही हातांनी धरली. दुसऱ्या वळणाला त्यांनी एक डोळा उघडला. समोर आपल्या हातचं झाकण चाकावर घट्ट बसलेलं, बाजूने पळसाची लाल झाडं मागे पळत होती. त्यांनी दुसराही डोळा उघडला. वर पोचेपर्यंत त्या ओरडत होत्या, पण भीतीने नाही.

"कशी वाटली?" सोराबनी विचारलं.

"मधी हळू का केली?"

"वळण होतं, बाई!"

"मंग काय झालं?"

खऱ्या फेरीत गाडी त्या गटात तिसरी आली. पहिल्या दोघांच्या गाड्या मुळातच त्या गटासाठी बनवलेल्या होत्या. सोराब एवढे खूश झाले की त्यांनी तपासणाऱ्या गृहस्थांनाही मिठी मारली. बक्षीस घ्यायला त्यांनी विमलबाईंना पुढे केलं. क्लबच्या लोकांनी नाव विचारलं, तेव्हा त्या माइकमधून एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "विमल कोंडीराम ओव्हाळ, खालापूर फाटा!" की पाठीमागच्या माकडांची टोळी झाडावरून पांगली.

परतल्यावर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर सोराबनी टेंपो थांबवला आणि ते खाली उतरले. "बाई, आता तुम्ही चालवा."

"मला येत नाय."

"झाकणं तरी कुठे येत होती?"

टेंपो गचके खात निघाला. सोराब शेजारी बसून सांगत होते, कोंडीराम बाजूने पळत होते. "अगं, ब्रेक! ब्रेक दाब!" धाऊ मागच्या फळीला टेकून पोट धरून हसत होता. इतकी वर्षं तो दुकानात होता, पण एवढं हसताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

ऐंशी साली विमलबाईंनी लायसन काढलं आणि जुना टेंपो घेतला. कर्जतच्या आठवडी बाजाराला त्या स्वतः माल भरून न्यायच्या. नेरळपर्यंतच्या दुकानदारांना त्यांच्या भोंग्याचा आवाज ओळखू यायचा. वळणावर त्या फारशा हळू करत नाहीत, अशी तक्रार मात्र कोंडीराम शेवटपर्यंत करत राहिले, तीही बाजूच्या सीटवर दोन्ही हातांनी दार धरून.