सातशे ऐंशी अंशांचा कोन

सातशे ऐंशी अंशांच्या कोसाइनची किंमत काढायची होती. माझ्याकडे शिकवणीला येणारी अकरावीतली सानिका वहीत वर्तुळावर वर्तुळ गिरवत बसली; दोन पूर्ण फेऱ्या आणि वर थोडंसं वळण.

"अगं, तीनशे साठ दोनदा वजा कर, साठ उरतात," मी म्हटलं. "पूर्ण फेऱ्या कोसाइनला दिसतच नाहीत."

तिनं खोडरबरानं वर्तुळं पुसली. "मग मॅडम, एवढं फिरायचं तरी कशाला?"

तेवढ्यात आतून ह्यांनी चहासाठी हाक मारली. मी उठले.

किती वेळा भांडून मी माहेरी गेले आणि किती वेळा परत आले. दर वेळी दोन्हीकडची मोठी माणसं समजूत घालायची, "झालं गेलं सोडून दे." म्हणजे वजा कर. मग पुन्हा तोच ओटा, तेच चहाचं पातेलं. कोसाइनला तर उलट्या दिशेनं फिरलं तरी फरक पडत नाही. जाणं काय नि येणं काय, त्याला सारखंच. कॉलेजात हा नियम मला फार सुंदर वाटायचा. कोन कितीही मोठा असो, घाबरायचं नाही. आता वाटतं, ज्याला स्वतःला फिरावं लागत नाही त्यालाच तो सुंदर वाटतो.

चहा देऊन आले तोवर सानिकानं उत्तर लिहिलं होतं, एक छेद दोन.

"बरोबर आहे ना, मॅडम?"

"बरोबर," मी म्हटलं. एवढं फिरून हाती अर्धंच.