सलोमीआत्याचे पाय

"उघडा गं बायांनो दारं, शुभवर्तमान आलंय!"

पन्नास वर्षांपूर्वीची हाक. भर दुपारी शमुवेल ओहोळांचे डोळे मिटतात न मिटतात, तोच ती कानी येते. चर्चच्या थंड फरशीवर ते आडवे झालेत. उशाशी रंगाचे डबे, समोर भिंतभर चित्र. या मुलखात पहिल्यांदा वचन घेऊन फिरलेल्या बायबलबाया. रविवारी समर्पणाची उपासना. फक्त पुढच्या बाईच्या लुगड्याचा पावलं झाकणारा काठ अजून ओला आहे. नावांच्या पाटीसाठी पाळकांनी विचारलं, "या पुढच्या कोण?" तर ओहोळ म्हणाले, "असंच, मनातलं."

ती मनातली बाई भिंतीवरून खाली उतरते. सलोमीआत्या. तिला जाऊन तीस वर्षं झाली.

"एवढी गोरी कधी झाले रं मी, शमू?"

"तेज आहे ते, आत्या. विश्वासाचं."

"करपल्या बाईला चुना फासलास, अन् नाव विश्वासाचं!" ती हसते. मग खाली बघते. "पाय कुठं गेलं माझं?"

फरशीची वाळू होते. गावांच्या वेशी मागे टाकत दोघं नदीच्या पात्रातून चालतात. आत्या गुणगुणते,

येशीमागून येस, वाट सरंना पायाला
भेगा पाहाया टाचंच्या, देवबाप खाली आला.

"लोक दारं उघडायचे?"

"कुत्री सोडायचे! एक म्हातारी तेवढी पाय बघून पाणी द्यायची. म्हणायची, एवढं चालून खोटं सांगाया कोण येतंय?"

वाळूतून उचललेलं पाऊल चित्रशाळेच्या जिन्यावर पडतं. शमू एकोणीस वर्षांचा. खाली आत्या, अनवाणी, हातात हुरड्याची पुरचुंडी. मित्र विचारतात, "कोण रे ही?"

"गावाकडची कुणी ओळखीची."

शब्द पायऱ्यांवरून गडगडत जातात आणि तिच्या भेगाळल्या टाचांशी थांबतात.

"ऐकलं होतंस तू?" शमू विचारतो.

"हुरडा निवला असता म्हणून बोलले न्हाई. आता तूच बोल की, बाबा."

तो तोंड उघडतो, आणि जाग येते.

अंगठा मातकट रंगाने भरलेला. भिंतीवरचा ओला काठ वर सारलेला. त्याखाली अंगठ्यानेच उमटवलेली दोन पावलं, भेगांसकट.

दारात पाळक उभे. "अहो ओहोळ, काठ फिसकटला की! पाटीवाला थांबलाय बाहेर. पुढच्या बाईंचं नाव मोकळंच ठेवायचं ना?"

"नाही. सलोमी लिहा," ओहोळ म्हणतात. "माझी सख्खी आत्या."