मागचं डावं दार

रंगारी रागीट आहे, हे गॅरेजच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचा राग फक्त रंगासाठी राखून ठेवलेला. ओल्या रंगाजवळ कुणी झाडू मारला, किंवा 'वाळला का?' म्हणत दारावर बोट टेकवलं, की तो असा काही फुटायचा की समोरच्या टायरवाल्याचं गिऱ्हाईकसुद्धा दोन पावलं मागे सरायचं. बाकी जगात काय वाटेल ते होवो. रांगेत कुणी पुढे घुसलं, दुकानदाराने सुटे पैसे तोंडावर फेकले, तर हा आपला गप्प. जाऊ दे म्हणायचा आणि खरंच जाऊ द्यायचा.

एकतीस वर्षं तो गाड्या रंगवत होता. मामाच्या हाताखाली शिकला, मग स्वतःचा पत्रा टाकून गॅरेज उभं केलं. रंगाच्या वाफेने नाक कधीच कामातून गेलं होतं. जळलेलं दूध त्याला बायकोच्या ओरडण्यावरूनच कळायचं. पण नाकाचं सगळं बळ जणू बोटांत उतरलं होतं. पत्र्यावरून उजवा हात एकदा फिरवला की कुठे ठोकलंय, कुठे पुट्टी भरलीय, किती जाड भरलीय, हे तो डोळे मिटून सांगायचा. हमरस्त्यावरचं मोठं शोरूम गेली अकरा वर्षं आपलं रंगकाम त्याच्याकडे पाठवत होतं ते याच बोटांपायी.

बायकोला त्याचा कोण अभिमान. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जुन्या तर येतातच, पण नव्या कोऱ्या गाड्यासुद्धा ह्यांच्याकडे येतात. शोरूमवाल्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वासच नाही." नव्या कोऱ्या गाडीला रंग कशाला लागतो, हे ना ऐकणाऱ्याने कधी विचारलं, ना तिने.

या बाईच्या घरात मात्र नवं असं काही नव्हतं. फ्रिज नणंदेने बदलला तेव्हा आलेला. पलंग एका गिऱ्हाइकाने जागा सोडताना दिलेला. कपाटाच्या दारावर कुणा भलत्याच माणसाची आद्याक्षरं कोरलेली, ती रंगाऱ्याने रंग मारून बुजवली होती, तरी उन्हात दिसायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण मुलगी लग्न होऊन लांबच्या डोंगरातल्या गावी गेली, तिला जुळी झाली, आणि तिथला रस्ता घरच्या जुन्या डबडा गाडीला झेपेना, तेव्हा मोठी गाडी घ्यायची ठरली आणि बायकोने पहिल्यांदाच आपली अट घातली.

"या खेपेला कुणाचं वापरलेलं नको. कुणाचा हात लागलेली नको. माझ्या आधी कुणी नको."

"बरं," रंगारी म्हणाला. तिला एवढं ठासून बोलताना त्याने फार वेळा पाहिलं नव्हतं.

दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. ती दवाखान्यातून माहितीपत्रकं घेऊन यायची, डॉक्टरांच्या ड्रायव्हरशी चर्चा करायची, डिकीत दोन पाळणे मावतात का ते टेपने मोजायची. शेवटी मधल्या आकाराची एक एसयूव्ही ठरली. तिला पांढरी हवी होती. पांढरीला तीन महिने थांबावं लागणार होतं. शोरूमचा मॅनेजर, टाय लावलेला गुळगुळीत गडी, म्हणाला, "काका, राखाडी तयार आहे. उद्या घेऊन जा. तुम्ही तर घरचेच." रंगाऱ्याला हे 'घरचेच' फार आवडलं. राखाडी घेतली.

पुढचे सहा दिवस बायको हवेत होती. सीटवरची प्लॅस्टिकं काढू दिली नाहीत. शेजारणींना फेरी मारून आणली, तीही चपला पुसायला लावून. जेवण झाल्यावर उगीच खाली जाऊन गाडीला एक चक्कर घालून यायची. रंगारी वरच्या खिडकीतून बघायचा आणि त्याला स्वतःविषयी बरं वाटायचं.

रविवारी सकाळी त्याने गाडी धुवायला काढली. ऊन तिरपं होतं. बादली, मऊ फडकं, हळूहळू एकेक दार. कंपनीच्या रंगाला एक बारीक दाणा असतो, संत्र्याच्या सालीसारखा. बघणाऱ्याला दिसत नाही, याच्या बोटांना लागतो. पुढची दोन दारं झाली, मागचं उजवं झालं. मागच्या डाव्या दारावर हात गेला आणि तिथेच थांबला.

दाणा नव्हता. दार काचेसारखं गुळगुळीत होतं.

त्याने पुन्हा हात फिरवला. हँडलच्या खाली वीतभर पट्ट्यात पुट्टी होती. पातळ, कडेला शून्यावर आणलेली, पण होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं ए! खाली ये! आधी खाली ये!"

बायको हातातलं टाकून धावत आली. त्याने तिचा हात धरून आधी उजव्या दारावर फिरवला, मग डाव्या. तिला काही कळलं नाही. त्याने सांगितलं तेव्हा कळलं.

"म्हणजे ही ठोकलेली आहे?"

"ठोकलेली. ठोकून, भरून, रंगवून आपल्या गळ्यात मारली. घरचेच म्हणे! आपल्याच तोंडाला पानं पुसली भडव्यांनी!"

बायको रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा दवाखान्याच्या खिडकीत कुणी रांग मोडल्यावर व्हायचा तसा झाला. "उद्या रजा टाकते," ती म्हणाली. "दोघं जायचं. तोंडी नाही, लेखी घ्यायचं सगळं." आणि जिना दणादणा चढत वर गेली.

रंगारी खालीच राहिला. राग उतरला नव्हता, तरी धंद्याची खोड जाईना. बोटं दारावर फिरतच होती. काम करणारा हरामखोर होता, पण हात होता त्याला. शेड अशी बसवली होती की शेजारच्या पत्र्याला लागून कुठे तोडली ते सापडेना. कोण असेल? दोन गल्ल्या पलीकडचा तो थोटा रंगारी? त्याला जन्मात असं लॅकर मारता यायचं नाही. शेजारी रंग उडू नये म्हणून लावतात ती कागदी पट्टी कुठे लावली होती ते बघावं म्हणून त्याने दाराच्या कडेचं रबर उचकटलं.

रबराखाली पत्र्यावर पेन्सिलीने आकडे लिहिले होते. रंगाच्या मिश्रणाचं माप. पुन्हा कधी तोच रंग लागला तर चुकू नये म्हणून काही रंगारी असं लिहून ठेवतात. आकड्यांत दोन सात होते. दोन्हींच्या पोटातून आडवी रेघ गेली होती.

सातच्या पोटात रेघ मामा काढायचा. आणि मामाचं बघून तो.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. आठवलं सगळं. दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. ट्रेलरवरून उतरवताना गाडी लोखंडी खांबाला घासली होती. शोरूमचा माणूस गाडी लावताना म्हणाला होता, "डेमोची आहे, काका." अकरा वर्षं तो माणूस हेच म्हणत होता. सीटवर प्लॅस्टिकं, चाकांना रस्त्याची धूळसुद्धा नाही, मीटरवर जेमतेम आकडा. डेमोची गाडी अशी असते होय? रंगाऱ्याला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. कळतही होतं. काम संपलं की तो मागे उभा राहून बघायचा, आणि कुठे रंगवलंय ते आपल्याला ठाऊक असूनही सापडत नाही म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा.

आता राग कुणावर काढायचा? त्याने बादलीला लाथ घातली. पाणी बायकोच्या कुंड्यांपर्यंत गेलं.

संध्याकाळी त्याने प्रयत्न करून पाहिला. "जाऊ दे ना. काम चांगलं झालंय. वीस वर्षं रंगाला काही होत नाही."

"तुम्हाला कसं माहीत वीस वर्षं?"

"अंदाज."

"अंदाज तुमच्यापाशी ठेवा. उद्या दहाला निघायचं."

दहाला निघाले. शोरूमच्या काचेच्या खोलीत मॅनेजरने चहा मागवला. बायकोने चहाला हात लावला नाही. गाडीचे कागद टेबलावर आपटून तिने सुरुवात केली ती काय विचारता! आवाज चढवला नाही. वीस वर्षं लोकांना न ओरडता सरळ करणारी बाई ती. मॅनेजरने आधी "शक्यच नाही, काकू" म्हणून बघितलं. मग "कंपनीकडूनच असं येतं कधीकधी" म्हणून बघितलं. आणि सबंध वेळ तो अधूनमधून रंगाऱ्याकडे बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसत. रंगारी जमिनीच्या फरशा मोजत होता.

"ज्याने हे केलंय ना, त्याला बोलवा इथे," बायको म्हणाली. "मला त्याच्या तोंडावर विचारायचंय. कुणाची जन्माची हौस असेल, कुणी पोटाला चिमटा काढून गाडी घेतली असेल. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकताना तुझा हात कसा वळला रे बाबा, एवढंच विचारायचंय."

मॅनेजरने कप तोंडाला लावला. पण खांदे हलत होते. हसू दाबत होता.

रंगाऱ्याला ते हसू सहन झालं नाही. दुसरं काहीही सहन झालं असतं. "हसतोस काय?" तो ओरडला तसा काचेबाहेरची माणसं वळून बघायला लागली. "माझी बायको आहे ती! तिच्यासमोर दात काढतोस?" मग बायकोकडे न बघता म्हणाला, "मी केलंय. मीच रंगवलंय ते दार. इथेच आहे मी. विचार."

बायकोने टेबलावरचे कागद एकावर एक नीट लावले.

"ही एकच?"

"नाही."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"नव्या कोऱ्या गाड्यासुद्धा येतात म्हणून मी गावभर सांगत सुटले होते," ती म्हणाली. "तुम्ही ऐकत होतात."

"होय."

"त्या गाड्या घेतलेल्या सगळ्यांना सांगा मग. घरोघर जा."

"कसा जाऊ? नव्या गाडीला नंबर नसतो. कुठली गाडी कुणाच्या दारात गेली, मला कधी कळलंच नाही." त्याचा त्यालाच संताप आला. आयुष्यभर जे चोख केलं तेच आता सापडू नये इतकं चोख झालं होतं.

मॅनेजरने खुर्ची पुढे ओढली. आता तो गोड झाला होता. "काका, काकू, कशाला डोक्याला ताप? यार्डात पांढरी आलीय. एकदम स्वच्छ, तुम्ही स्वतः हात फिरवून घ्या. आजच बदलून देतो. लिहाबिहायचं काही नाही. काकांचं काम पुढे चालूच."

बायकोने मान वर केली. तिला पांढरीच हवी होती, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं.

"आणि ही?" तिने विचारलं.

"ही जाईल की. महिन्याभरात जाते." मॅनेजर रंगाऱ्याकडे बघून हसला, मनापासून. "काकांचा हात आहे तो. कुणाच्या बापाला कळतंय!"

एकतीस वर्षांत इतकी सरळ शाबासकी त्याला कुणी दिली नव्हती. आणि ती कानाखाली बसावी तशी बसली. त्याचे कान गरम झाले. बायको त्याच्याकडे बघत होती. हा आता काय म्हणतो एवढंच तिला बघायचं होतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

"पांढरी नको," तो म्हणाला. "कोरा कागद दे."

"काका, विचार करा. लिहून दिलंत तर तुमचंच नाव येणार. मग उद्यापासून आम्ही तुमच्याकडे काम कसं पाठवायचं?"

"पाठवू नकोस. कागद दे म्हणतो ना!"

त्याने लिहिलं. मागचं डावं दार विकण्याआधी ठोकलेलं होतं, पुट्टी भरून ते मी रंगवलं, शोरूमच्या सांगण्यावरून रंगवलं. अक्षर गचाळ आलं. खाली सही केली, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तो मात्र बायकोने बोट ठेवून मारायला लावला. बाहेर पडताना ती त्याच्या पुढे चालत होती, चार पावलं. एरवी बरोबरीने चालायची.

शोरूमच्या दर्शनी भागात गर्दी होती. एका कुटुंबाला गाडी मिळत होती. यांच्यासारखीच गाडी, फक्त लाल रंगाची. एक शिक्षकासारखा दिसणारा माणूस, त्याची बायको, आणि त्याची म्हातारी आई, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेल्या साडीत. बॉनेटवर ही मोठी चंदेरी फीत, फुलासारखी बांधून चारही टोकांना चिकटपट्टीने डकवलेली. विक्रेता मोबाईल उंच धरून सगळ्यांना जवळजवळ उभं करत होता. "आजी, तुम्ही फीत ओढायची बरं का! मी तीन म्हटलं की!"

रंगारी जागच्या जागी थिजला. लाल रंग खालचं लवकर झाकत नाही; त्याचे तीन हात मारावे लागतात, आणि या बॉनेटवर तिसरा हात त्याने गुरुवारी दुपारी मारला होता. आज सोमवार. पंधरा दिवस याला काही चिकटवू नका, ओढताना रंग सोलून येईल, म्हणून बजावून गाडी दिली होती. यांनी चौथ्या दिवशी चिकटपट्ट्या लावल्या होत्या.

पुढे बायको दारापाशी थांबून वळली होती. मागे काचेच्या खोलीतून मॅनेजर टाय सावरत झपाझप येत होता. रंगारी आता काय करणार ते त्याने ओळखलं होतं.

"एक... दोन..." विक्रेता म्हणाला.

म्हातारीने हसत हसत फितीचं टोक धरलं.

"आजी, थांबा!" रंगारी गॅरेजमध्ये ओरडायचा तसा ओरडला, आणि मधली माणसं हातांनी बाजूला सारत थेट गाडीपाशी गेला. "त्या फितीला हात लावू नका. तिच्याखालचा रंग मी मारलाय, गुरुवारी."