चिकटलेली पानं

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं जेवताना वाचत आलोय आणि प्रत्येकाच्या शेवटी बायकोला म्हणत आलोय, "हा माणूस संध्याकाळी काय घेतो ते विचारायला हवं." त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे. मला भुतांची भीती कधीच नव्हती. पालीची आहे, पण तो विषय वेगळा.

आम्ही केडगावला राहतो. बायको, नीलिमा, नगरमधल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. (नाव बदललं तरी तोंडात अजून नगरच बसलंय.) गेली काही वर्षं तिनं एकच ध्यास घेतलाय – कॉपीराइटची मुदत संपलेली जुनी पुस्तकं, मासिकं स्कॅन करायची आणि वेबसाइटवर सगळ्यांना खुली करायची. सभासदत्व नको, पासवर्ड नको, कुणाची शिफारस नको. कार्यकारी मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, घरबसल्या फुकट मिळालं तर इथं येणार कोण?"

"आत्ता तरी कोण येतं, साहेब? पेपर वाचणारे चार आजोबा. त्यातले दोघं पंख्यासाठी."

ठराव मंजूर झाला. माणसं मात्र मिळाली नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला जुंपलं. स्टँडवर कॅमेरा, खाली पुस्तक. मी पान उलटायचं, तिनं बटण दाबायचं. माझ्या योग्यतेचं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं म्हणा ना!

अशात राजूरहून सविताबाई नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. त्यांचे आजोबा डोंगराकडच्या एका शाळेत मास्तर होते. त्यांनी फार पूर्वी एका शेतीच्या मासिकात त्या भागातल्या भातांवर लेख लिहिला होता. ते लवकर गेले. घरात ना फोटो, ना हस्ताक्षर. सविताबाईंची आई तेव्हा अगदी लहान, तिची शाळाही तिथंच सुटली. आता ती म्हातारी, हृदयाचं दुखणं... "आईला एवढंच ऐकायचंय, मॅडम. तिच्या वडलांनी काय लिहिलं होतं."

नीलिमानं दोन दिवस माळे उपसले आणि त्या मासिकाचा बांधीव खंड शोधून काढला. अनुक्रमणिकेत लेख होता! पण नेमकी तीच पानं कधीकाळच्या गळतीनं एकमेकांना घट्ट चिकटलेली. मी म्हटलं, "जरा ओढून बघू?" तिनं माझा हात असा धरला, जणू मी पोळीच्या डब्यातून चोरी करत होतो. "ओढायचं नाही. अक्षरं समोरच्या पानावर निघून जातात, मग दोन्हीकडचं गेलं." बाकीचा खंड आम्ही स्कॅन करून चढवला आणि ती पानं सोडली. अशी पानं वाफेवर सोडवणारे एक जाणकार पुण्याला होते, त्यांच्याकडे खंड न्यायचं ठरलं, तसं सविताबाईंना कळवलंही.

त्याआधी वाळवी पोचली.

नीलिमानं कपाट उघडलं तेव्हा खंडाच्या पुठ्ठ्यांमध्ये नुसती माती होती. ती स्टुलावर बसून राहिली. मी चहा आणला, तो गार झाला. "त्या माउलीला आता काय सांगू हो?" इतकंच म्हणाली. नंतर तीन-चारदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. शेवटी म्हणाली, "हे फोनवर सांगायचं नाही. समोर जाऊन माफी मागायची."

तर आम्ही राजूरला गेलो. मी ड्रायव्हर, आणि तिला रडू आलं तर पुढचं बोलणारा. वाटेत वाक्यं पाठ केली होती. लख्ख सकाळ होती, बाजारात गर्दी. सविताबाई अंगणात धावतच आल्या.

"अगं बाई, मॅडम! मीच फोन करणार होते. कालच आईला सगळं वाचून दाखवलं!"

"काय... वाचून दाखवलं?"

"आजोबांचा लेख! तुम्ही ती राहिलेली पानं जोडलीत ना?"

माझी पाठ केलेली वाक्यं काही कामाची उरली नाहीत. सविताबाईंनी मोबाईल पुढे केला. आमच्याच वाचनालयाचं पान, तोच खंड. लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वच्छ. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर, पान दाबून धरलेला, एक अंगठा. त्यावर सायकलच्या लाल ट्यूबचा कापून बसवलेला तुकडा.

"अहो..." नीलिमानं माझी बाही धरली. "नाना."

नाना म्हणजे तिच्या आधीचे ग्रंथपाल. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला ते वाचनालयाबाहेर काढायचे, आणि स्वतः अंगठ्यात ट्यूबचा तो तुकडा घालून पान उलटायचे. तिला हे काम त्यांनीच शिकवलं. आमचा कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी ते वारले. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. आणि फोटोत पुस्तकाखाली दिसत होतं ते हिरव्या चौकड्यांचं मेणकापड आम्ही दोघांनी स्कॅनिंगसाठी म्हणून विकत आणलेलं. घासाघीस मी केली होती.

ओसरीवर आजी बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल डोळ्यांशी नेला. "ह्यो अंगठा कुनाचा गं? तुज्या मालकाचा?"

"नाही, आजी. आमच्या वाचनालयातल्याच... एका मोठ्या माणसाचा."

"लई सबुरीचा मानूस दिसतोय. पान कसं धरलंय बघ – लेकराचं बोट धरल्यागत."

नीलिमानं त्या मोबाईललाच नमस्कार केला. मीही केला. इकडेतिकडे बघून, पण केला.

नंतर मी सगळं करून पाहिलं. कॉम्प्युटरवाल्या भाच्यानं तपासलं – पानं नीलिमाच्याच खात्यावरून, बाकीच्या पानांसोबतच चढलेली. दुसरीकडे कुठे प्रत असेल म्हणावं, तर मेणकापडाचं काय? भाचा म्हणाला, "मामा, काहीतरी एरर असेल." एरर! मंडळातले गृहस्थ म्हणाले, अंगठा कापून टाका, बरं दिसत नाही. नीलिमानं तो कापला नाही. पानं अजून तिथंच आहेत, कुणीही उघडून बघावीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि खरं सांगायचं तर शोधणंही मी आता सोडलंय.

कारण त्या सकाळी सविताबाईंनी लेख पुन्हा वाचायला घेतला. कुठलं भात कुठल्या खाचरात, कुठलं लवकर येतं, कुठलं पावसात तगतं... काळभाताचं नाव आलं तशा आजी पुढे सरकल्या, पदर सारखा केला आणि आम्हा दोघांना दटावलं, "आता गप ऱ्हावा. आता माजं येतंय."

सविताबाईंनी वाचलं, "या तांदळाची पेज आमच्या धाकटीला इतकी आवडते, की ती सणाच्या दिवशीही दुसरं काही मागत नाही."

"धाकटी म्हंजी मी," आजी म्हणाल्या. "पुन्ना वाच."